काळे कल्ले

माझ्या सिनेमात एक शास्त्रज्ञ माणसात माशाची जनुकं घालतो. बजेट नव्हतंच, म्हणून शूटिंग मरोळच्या एका बंद गाळ्यात, आणि मासा-माणूस माझा भाऊ सुशांत. कंपनीने त्याला गेल्या महिन्यात घरी बसवलं, म्हणून तो फुकटात मिळाला.

आई डबा घेऊन आली आणि त्याच्या मानेवरचे रबरी कल्ले बघून माझ्यावर उखडली.

"रुचिरा, कल्ले काळे कित्याक केलंस? शिळो दिसता माझो झील!"

"आई, हा मासळीबाजार नाही. गप बस ना!"

गप कसली बसते! सरबतासाठी आणलेलं कोकमाचं आगळ चोळून तिने कल्ले लालभडक केले. सुशांत गुदगुल्यांनी खिदळला, महिन्याभरात पहिल्यांदाच.

शॉट सुरू झाला. शास्त्रज्ञ म्हणाला, "प्रयोग फसला. हा नमुना आता काही कामाचा नाही. फेकून द्या."

मी काही म्हणायच्या आत आई तरातरा फ्रेममध्ये शिरली. बाजारात मासा ताजा आहे का ते बघताना उचलते तसा तिने सुशांतचा कल्ला अंगठ्याने उचलला आणि शास्त्रज्ञाच्या नाकासमोर धरला.

"फेकतंस खंय? नीट बघ. ताजो आसा."