जुनी यादी

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांसमोर एकदाच छाती फुगवून बोललो, आणि तेच अंगाशी आलं.

२०१६चा उन्हाळा होता. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या तालुक्याच्या कचेरीत टँकरसाठी संगणक प्रणाली निवडायची बैठक बसली होती. दोन कंपन्या आल्या होत्या. पहिलीच्या पडद्यावर तालुक्याचा रंगीत नकाशा आणि त्यावर पळणारे टँकर. टँकरच्या गावांची जुनी यादी दिली की काम लगेच सुरू. दुसरीचं रूप अगदीच साधं, वर हट्ट असा की आधी प्रत्येक वस्तीवर जाऊन फॉर्म भरा, मगच टँकर हलेल. त्याला पंधरा दिवस लागणार होते.

"सिद्धराम, जुनी यादी पक्की आहे ना?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"साहेब, माझ्या हातची आहे."

पहिली प्रणाली निवडली गेली. त्या दिवशी चहाही मला आधी मिळाला.

तीन आठवड्यांनी खडकवस्तीची नागुबाई कचेरीत आली. सोबत टँकरचा ड्रायव्हर व्यंकटी, मान खाली घातलेला.

"सायेब, टँकर बोरखेडीतूनच माघारी जायलाय. उद्या येईल, उद्या येईल म्हनून वाट बघितली. आता हा म्हनतोय, तुमची वस्ती मशीनीत न्हाईच."

"म्या काय करू?" व्यंकटी म्हणाला. "वस्तीकडं वळलो की रस्ता चुकला म्हनतंय, खेप धरत न्हाई. आधी कागद बघून जात होतो."

त्या कागदावर 'बोरखेडी व इतर' असं असायचं. मी जुनं रजिस्टर काढलं. अक्षर माझंच. १९८२ला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सगळ्या याद्या हातानं उतरवायच्या होत्या. मी नवाच लागलेलो. मूळ यादीत प्रत्येक वस्तीची वेगळी ओळ होती. बोटं दुखायला लागली तसा मी मोठ्या गावाचं नाव लिहून पुढं 'व इतर' ठोकत गेलो. कुणी हरकत घेतली नाही, कारण इतर म्हणजे कोण हे तलाठ्याला ठाऊक, ड्रायव्हरला ठाऊक. मशीनला कोण सांगणार? तिनं गाव ठेवलं आणि ते दोन शब्द टाकून दिले.

मला लाज वाटली. सरळ सांगतो, रडू आलं.

चूक माझी आहे, दुसरी प्रणाली घ्यावी, असं मी साहेबांना लेखी दिलं. "निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कशाला विकतचं दुखणं घेता?" शेजारच्या टेबलावरच्या लताबाई म्हणाल्या. साहेबांनी मला नोटीस दिली, प्रणाली बदलायचं मान्य केलं, आणि खडकवस्तीला त्याच दिवशी एक खेप नेण्याची चिठ्ठीही दिली. दुपारी दुसऱ्या कंपनीचा फॉर्म घेऊन मी नागुबाईसोबत टँकरमध्येच बसलो.

वस्तीवर तीसेक घरं. दारादाराला कुलपं.

"कुठं गेले सगळे?"

"पुन्याला, कामाला. पानीच न्हाई तर ऱ्हाऊन काय करतील? कालच शेवटचं घर गेलं."

फॉर्मवर पहिली ओळ वस्तीच्या नावाची. खडकवस्ती, मी लिहिलं. चौतीस वर्षांनी. दुसरी ओळ माणसांची.

"किती माणसं, नागुबाई?"

"आता म्या एकली. पर तसं लिव्हू नका, सायेब. एकलीसाठी टँकर येनार न्हाई. नागुबाई आन् बाकीचे, असं लिव्हा. माघारी आले तर प्यायला लागंल की."

माझा हात थांबला.

"बाकीचे नको. एकेकाचं नाव सांगा."

तिनं पहिल्या कुलपाकडं बोट केलं. "हितं शिवकांता. तिचा नवरा नरसिंग. दोन लेकरं."

मी लिहीत गेलो. व्यंकटीनं तिची कळशी भरून दिली होती. बाकीचा टँकर तसाच भरलेला उभा होता.