बोलण्याचा तास

थोरलीचा आवाज गावात कुणाला ठाऊक नाही असं नव्हतं, चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नव्हता. बसस्थानकाच्या माडीवर, काचेच्या खोलीत बसून तिनं उभा जन्म गाड्या पुकारल्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," एवढं ती म्हणाली की खाली भांडणारी माणसंसुद्धा घटकाभर गप्प होत. बाजारात तिनं नुसता भाव विचारला तरी भाजीवाला मान वर करून म्हणे, "अगं बाई! पुढची गाडी किती वाजता?" मग दोघंही पोट धरून हसत.

आणि आजार आला तो नेमका त्या आवाजावरच. एका सकाळी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड उजवीकडून ओघळलं आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. शब्द आत तयारही होते. पण बाहेर यायची वाटच सापडेना.

धाकटी तिची पाठची बहीण. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. धाकटीची नोकरी दिवसभराची, म्हणून थोरलीला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथं तिच्यासारखीच, बोलणं गमावलेली बरीच माणसं होती. त्यात एक शिंपीकाका होते. त्यांच्यापाशी "बरोबर" हा एकच शब्द उरला होता. "काका, जेवलात?" "बरोबर." "अहो, अजून ताट यायचंय!" "बरोबर!" असं म्हणून ते स्वतःच खदखदा हसायचे.

त्या सगळ्यांवर उपचार करणाऱ्या मॅडमनी धाकटीला पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं.

"याला गोळी नाही न् इंजेक्शन नाही. कुणीतरी समोर बसायचं, विचारायचं आणि वाट बघायची. शब्द यायला वेळ लागतो. मधे आपण बोलायचं नाही, तोंडातला घास काढून घेतल्यासारखं होतं ते. बोलून बोलूनच बोलणं परत येतं. आणि वापरलं नाही ना, तर उरलंसुरलंही जातं. मग मी काही करू शकत नाही."

धाकटी ज्या संस्थेच्या कचेरीत कामाला होती, तीच संस्था या शुश्रूषागृहात स्वयंसेवक पाठवी. संध्याकाळी ते येत, एकेकासमोर बसत, गप्पा मारत. त्याला म्हणत बोलण्याचा तास. धाकटीला त्या वेळी कचेरी सोडता येत नसे. तिचा वार रविवार. पण आपण नसताना कुणीतरी ताईसमोर बसतं, या एका गोष्टीवर तिचा आठवडा निघे. रोज पहाटे आंघोळ करून ती डोळे मिटून बसे, तेव्हा देवाकडे फार काही मागत नसे. ताईनं पूर्वीसारखी 'धाकटे' अशी हाक मारावी, एवढंच. तोवर चहात साखर घालायची नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणे, "मला गोड चालत नाही."

एक गोष्ट मात्र तिला खुपे. रविवारी थोरली मुळीच बोलत नसे. सुरुवातीला निदान अडखळत काहीतरी यायचं, "गा...डी", "पा...णी". अलीकडे तेही नाही. धाकटी समोर बसली की थोरली खिडकीकडे तोंड करी आणि मंद हसून बसून राही. आठवडाभर बोलून दमली असेल बिचारी, अशी धाकटी स्वतःची समजूत घाली.

मधे एक काळ असा आला की स्वयंसेवक आटले. तेव्हा संस्थेच्या कार्यवाहांना फोटोस्पर्धेची युक्ती सुचली. बोलण्याच्या तासात काढलेल्या उत्तम फोटोला बक्षीस, मोठ्या सभागृहात प्रदर्शन, टाळ्या. बघता बघता माणसांची रीघ लागली. खुर्च्या पुरेनात. गेल्या वर्षी पहिला आला तो फोटो तर थोरलीचाच. एका चष्मेवाल्या कॉलेजकन्येनं काढलेला. खिडकीतला मऊ उजेड थोरलीच्या डाव्या गालावर पडलेला, ओठ मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात हसू, आणि तिच्या हातावर मुलीचा हात. जो बघे तो म्हणे, "काय बोलका फोटो आहे!" धाकटीनं त्याची चौकट आपल्या टेबलासमोर लावून घेतली होती. येताजाता बघे न् तिला बरं वाटे.

यंदा स्पर्धेची तयारी सुरू झाली तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी सभेत मधेच विचारलं. बाई वयानं मोठ्या, बोलायला थेट.

"फोटो छान येतात हो. पण त्यानं खरोखर होतं काय, ते कधी मोजलंय का कुणी?"

कार्यवाहांनी इकडेतिकडे बघितलं आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या धाकटीवर त्यांची नजर थांबली.

"या मोजतील! यांच्या भगिनी तिथंच आहेत. बाई, तुम्ही जा, तासाला बसा, बघा. चांगलं काय काय घडलंय ते गोळा करून आणा."

"आणि वाईट निघालं तर?"

"फोटोनं कुणाचं वाईट होतंय का? उगाच काहीतरी तुमचं!"

धाकटी मनातून हरखली होती. बोलण्याच्या तासाला ताई कशी बोलते, हे तिला प्रथमच बघायला मिळणार होतं.

ती दालनाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. स्वयंसेवक आले, हसत, गलबला करत. बरेचसे खिडक्यांकडे वळले. भिंतीलगतची माणसं व्हीलचेअरसकट उजेडात ओढली गेली. चष्मेवाली थोरलीसमोर बसली. मुलगी गोड होती, यात शंका नाही. तिनं थोरलीची शाल सारखी केली, केस नीट केले आणि विचारलं, "आजी, आज काय खाल्लं?"

थोरलीच्या गळ्याची शीर हलली. ओठ उघडले, डावीकडे ओढले गेले, उजव्या कोपऱ्यातून लाळ आली. "पो... पो..."

"थांबा हं आजी, एक मिनिट. उजेड मस्त आलाय. तोंड मिटा. हां. मान जरा इकडे. हसा... झालं!"

झालं म्हटल्याबरोबर थोरलीचे खांदे सैल पडले. मुलीनं रुमालानं तिची हनुवटी पुसली आणि फोनमध्ये डोकं घातलं. 'पो'च्या पुढचं तिनं विचारलं नाही आणि थोरलीनंही सांगितलं नाही. दालनभर तेच चाललं होतं. तोंड मिटा. इकडे बघा. झालं. शिंपीकाकांनी एकदा "बरोबर" म्हणायला जीभ उचलली, तर समोरच्या तरुणानं लाडानं त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं, "श्श, काका, फोटो हलला असता ना!"

तास संपल्यावर धाकटीनं चष्मेवालीला हळूच गाठलं.

"तोंड का गं मिटायला सांगतेस त्यांना?"

"अहो मावशी, बोलताना काढला की तोंड वाकडं येतं. प्रदर्शनात लागल्यावर त्यांनाच वाईट वाटेल ना?" मुलीच्या डोळ्यांत खरोखरच काळजी होती. तिच्यावर रागवावं तरी कसं?

दालन रिकामं झालं. धाकटीनं स्टूल ओढून थोरलीच्या समोर घेतलं. "ताई, मी आलेय. आज रविवार नाही, तरी आलेय."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. रविवार नसताना ही कशी, असं नवल त्या नजरेत होतं. त्या नवलानंच जणू आतली कडी निघाली. ओठ थरथरले. धाकटी श्वास रोखून बसली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे एक शब्द मधे बोलली नाही.

"धा..." थोरली म्हणाली. "धा..."

तेवढ्यात धाकटीच्या पिशवीत फोन वाजला. तो बंद करावा म्हणून तिनं घाईघाईनं बाहेर काढला. फोन हातात दिसला मात्र, थोरलीचं तोंड मिटलं. मान खिडकीकडे वळली. डावा गाल उजेडात आला. ओठांच्या कोपऱ्यात तेच, चौकटीतलं हसू.

"नाही गं ताई, फोटो नाही काढत! बघ, ठेवला. बोल ना. धा... काय?"

थोरली हसतच राहिली.

जाताना धाकटीनं मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "कुणी समोर बसलं की ही माणसं गप्प होतात, हे मला दिसत होतं हो. मला वाटलं, आजारच पुढे सरकतोय."

सभेत धाकटी उभी राहिली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती.

"आपण त्यांना बोलतं करायला माणसं पाठवली," ती म्हणाली, "आणि ते उलट गप्प बसायला शिकले. माणूस समोर बसला की तोंड मिटायचं, हे आपण शिकवलं. माझी बहीण माझ्यासमोरही..." पाणी पिऊन ती म्हणाली, "तासाला फोन दाराबाहेर ठेवावेत. आणि स्पर्धा नको. माझी एवढीच विनंती आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे टिपले. कार्यवाह मात्र खुर्चीत सावरून बसले.

"बाई, मन दुखवायचं नाही मला. पण स्पर्धा बंद केली तर येणार कोण? आधी कोण येत होतं, आठवतंय ना? मी, तुम्ही पाठवलेली पत्रं आणि दारातलं कुत्रं! त्यातलं कुत्रंच तेवढं नेमानं यायचं."

कुणीतरी हसलं. ते खोटं बोलत नव्हते, हे धाकटीलाही ठाऊक होतं.

मग अध्यक्षा म्हणाल्या, "या बाईंचं म्हणणं मला पटतंय. गप्प चेहरे नकोतच. यंदा विषयच बदला. बोलणारे चेहरे हवेत. तोंड वाकडं आलं तरी चालेल. विषय ठेवा, संवाद."

"वा!" कार्यवाह म्हणाले. माना डोलल्या. धाकटीच्या मनातही एक वेडी आशा डोकावली. कसं का असेना, आता बोला तर म्हणतील. मिटा तर नाही म्हणणार.

आणि म्हणालेच. पुढच्या तासापासून दालन त्याच एका शब्दानं दुमदुमलं. "बोला ना आजी! तोंड उघडा! अजून! हात वर करा, काहीतरी सांगताय असं. हां, तसंच ठेवा, तसंच... झालं!" शब्दाची वाट कोण बघतो? फोटोत आवाज थोडाच येतो? हौशीनं, मायेनं, जो तो उघड्या तोंडाचे फोटो काढत होता. शिंपीकाकांचं "बरोबर" आता नुसता ओठांचा आकार होऊन राहिलं होतं. ते हसतही नव्हते.

प्रदर्शन लागलं. पुन्हा थोरलीच पहिली आली. डावा हात वर, तोंड उघडं, डोळ्यांत उजेड. जणू आत्ता गाडी पुकारील. कार्यवाहांनी कचेरीत जुन्या चौकटीशेजारी स्वतः खिळा ठोकून ती नवी चौकट लावली. "हे तुमच्या मोजणीचं फळ बरं का, बाई! चेहऱ्यात केवढा फरक पडलाय, बघा."

धाकटीनं बघितलं. चहा थंड होईपर्यंत बघत राहिली.

रविवारी ती गेली तेव्हा पिशवी, फोन, चष्म्याचं घरसुद्धा तिनं दाराशी नर्सबाईंच्या टेबलावर ठेवलं. थोरलीची खुर्ची खिडकीपासून वळवून भिंतीकडे घेतली. दोन्ही तळहात उघडून तिच्यासमोर धरले.

"बघ ताई, हातात काही नाही. मी धाकटी. मागं तू काहीतरी म्हणत होतीस ना? धा..."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिचे ओठ विलग झाले. तोंड उघडलं.

धाकटीच्या काळजात लख्ख झालं. देवा, येऊ दे. ती पुढं झुकली. मधे बोलायचं नाही. वाट बघायची. शब्दाला वेळ लागतो. ती वाट बघत राहिली. बाहेर कुणीतरी ताटं मांडत होतं, त्यांचा आवाज येत होता. थोरलीचं तोंड उघडंच होतं. डावा हात हळूहळू वर आला आणि तिथंच थांबला. घशातून काही येत नव्हतं, श्वाससुद्धा जपून चालला होता. तेव्हा कुठं धाकटीच्या लक्षात आलं की ताईची नजर आपल्यावर नाहीच. आपल्या खांद्याच्या थोडी वर आहे, जिथं फोन धरतात तिथं. हनुवटी उचललेली. भिंतीकडे बसवलं तरी मान वळवून डावा गाल तिनं उजेडात आणला होता. जबडा ताणानं कापायला लागला होता, हात कापत होता, पण ती हलत नव्हती.

कुणी सांगेपर्यंत ती हलणार नव्हती.

धाकटीनं तो कापणारा हात आपल्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवला.

"झालं, ताई," ती म्हणाली.

थोरलीनं तोंड मिटलं.