मागणीची चिठ्ठी

जलीलचं ते पत्र मन्मथअप्पांनी आधी उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं त्यांनी ठरवलं. त्या उद्याला आता चार वर्षं होत आली होती.

अप्पा लातूरच्या एका जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल, आणि जलील तिथला बाइंडर. मागच्या खोलीत तो खळीचा डबा, सुया आणि दोरा घेऊन बसायचा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवायची तीही त्यानंच. चार माणसांत तोंड न उघडणारे अप्पा दुपारच्या चहाला जलीलसमोर मात्र तासभर बोलत.

भूकंपात औशाकडचं जलीलचं घर बसलं. आई त्यात गेली. तेव्हापासून इथल्या कुठल्याही छताखाली त्याचा हात चालेना. टाका घालता घालता तो वर बघत बसायचा. शेवटी ओळखीतून व्हिसा निघाला आणि तो सौदीतल्या दम्मामच्या एका छापखान्यात गेला. दोनच वर्षांसाठी.

दोन वर्षं संपत आली तेव्हा ते पत्र आलं होतं. "अप्पा, कफील, म्हंजी हितला मालक, विचारायलाय, दोन साल वाढवू का घरी धाडू. त्याच्या सहीबिगर हितं राहता येत न्हाई, निघता बी येत न्हाई. छताची भीती आता गेली. माझी खोली हाय का अजून? तुमी हाव लिवा, म्या निघतो."

खोली होती. पण ती जलीलचीच, हे अध्यक्षांना विचारल्याशिवाय कसं लिहायचं? अध्यक्ष गुरुपादप्पांच्या आडतीवर अप्पा तीनदा गेले आणि तीनही वेळा सुतळीचा भाव विचारून परतले. तोवर सहीची तारीख उलटली. मग उशिराची लाज वाटू लागली, आणि लाजेपायी आणखी उशीर. जलीलची मुदत दोनदा वाढली.

इकडे लातूर क्लासेसच्या पाट्यांनी भरून गेलं. कंधारहून, भोकरहून आलेली पोरं सकाळपासून वाचनालयात जागा धरत, पण कपाटाला हात लावत नसत; आपापल्या नोटा वाचत. पाठ निखळलेली पुस्तकं अप्पा सुतळीनं बांधून ठेवत. वाळलेल्या खळीचा डबा त्यांनी कुणाला टाकू दिला नव्हता. दुपारी चहावाल्याला ते अजूनही कधी कधी दोन कप सांगून बसत.

एके दिवशी जलीलची बायको हाजराबी आली.

"सलाम, अप्पा. पुन्ना दोन साल वाढवायलेत. महिन्याच्या आखरीला सही हाय."

"फोनवर बोललात का, भाबी?"

"बोलले की. या म्हणलं, तर म्हणायलेत, येऊन करू काय? अप्पाला खत लिवलं होतं, जवाब आला न्हाई. अप्पाला तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई, म्हणून गप बसले. खोली गेली असंल."

अप्पांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. "खोली आहे," ते म्हणाले.

हाजराबीनं उघड्या दारातून आत पाहिलं. डबा होता, पाट होता, कोपऱ्यात दाबयंत्र होतं.

"चार साल अशीच हाय? एवढाल्या किताबा वाचता, अप्पा, आणि दोन ओळी लिवता आल्या न्हाईत?"

त्याच दुपारी अप्पा आडतीवर गेले आणि उंबऱ्यातूनच एका दमात म्हणाले, "जलील परत आला तर मागची खोली त्याला द्यायची का?"

गुरुपादप्पा हसले. "मग कुणाला द्यायची, तुमच्या समाधीला? पोरं नोटा बांधायला माणूस मागायलेत. तीनदा येऊन सुतळीचा भाव काढला, ते हेच होतं व्हय? अहो, विचारायचं की!"

परतताना अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्ष नाही म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. निदान चार वर्षं कशात गेली हे कुणाला सांगता आलं असतं.

हाजराबी वाचनालयातच वाट पाहत होती. "सही थांबवा म्हणून म्या फोन करते. पर तुमच्या हातचं लिवलेलं बघितल्याबिगर ते मानायचे न्हाईत."

अप्पा लिहायला बसले. क्षमेची तीन पानं लिहून फाडली. प्रत्येक वाक्य त्यांना खोटं वाटलं. मग त्यांना वाचनालयाचा नियम आठवला. पुस्तकाची मुदत वाचक दोनदा वाढवू शकतो. मात्र दुसऱ्या कुणाची मागणी असेल, तर पुस्तक परत करावंच लागतं. जलीलला हा नियम तोंडपाठ होता.

त्यांनी मागणीची छापील चिठ्ठी घेतली. पुस्तकाच्या नावापुढं "जलील" लिहिलं. मागणी करणाऱ्याच्या रकान्यात "हाजराबी", आणि जरा थांबून खाली स्वतःचं नाव. शेऱ्यात: मुदतवाढ मिळणार नाही.

मागच्या बाजूला लिहिलं, "तुझी खोली आहे. तेव्हाही होती. उत्तर आलं नाही ते मी भित्रा म्हणून. ये."

मोठ्या पोस्टात त्यांनी पाकिटाचं वजन करून घेतलं, तिकिटं लावली. पेटीच्या तोंडाशी हात एकदा अडखळला. पोचेल का वेळेत, असं मनात आलंच. मग त्यांनी बोटं सोडली.