मळ्यांचं माहेर

मामू येणार म्हणून वलीने आदल्या दिवशीच मसाला वाटून ठेवला. पाटा नव्हता, तंबूमागच्या सपाट धोंड्यावर सुकी मिरची, धणे आणि जपून ठेवलेली कोकमं घेऊन बसला. सर्व्हेवाल्यांचा कॅम्प दुबईपासून आत, दैद गावाच्या पुढे, डोंगरांच्या कुशीत होता. मोजणी करणारे साहेब दिवसभर दुर्बिणीतून दगड बघत, आणि वली त्यांच्यासाठी डबे फोडी. सार्डिनचे डबे, वाटाण्याचे डबे, दुधाचे डबे.

"मामूलाही डबाच फोड," मुश्ताक म्हणाला. मुश्ताक कॅम्पची लँडरोव्हर चालवायचा. शुक्रवारी दुबईहून मामूला तोच आणणार होता. "म्हाताऱ्याला सांग, इंग्लिश खाना आहे."

"गप रे. मामूला मी मळ्यांचं तिखलं घालणार, आमच्या नदीच्या माशांचं."

"मळे?" मुश्ताक एवढा हसला की त्याच्या हातातला चहा हिंदकळला. "या खडकात? हबीबी, तुझ्या टाळूला ऊन लागलंय."

"वरच्या कोंडीत हायत. मी बघितलेत."

खरंच होते. कॅम्पच्या वर, वाकडीतिकडी पायवाट चढून गेलं की कड्याच्या सावलीत एक कोंड होती. वरून कातळाच्या भेगेतून झरा ठिबकायचा, ठिबकून ठिबकून कोंड भरायची, आणि कोंडीच्या ओठातून दगडी पाटाने पाणी खाली वस्तीत जायचं. त्या पाण्यात बोटभर लांबीचे मासे दगडाला तोंड चिकटवून शेवाळ खरवडत बसलेले. पहिल्यांदा दिसले तेव्हा वली गुडघ्यांवर बसला होता. सावित्री नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला मळ्या ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. समुद्र ओलांडून, वाळू तुडवून आलो, आणि इथे हा आमच्या गावचा, माझ्याआधीच येऊन बसलेला! त्याने त्या दिवशी पाण्याला हात लावून सलाम केला होता.

त्या पाण्याची राखण मोझा करायची. वस्तीतली विधवा बाई, तोंडावर काळा बुरखा, पायांत काही नाही. तिचा मुलगा कुवेतला कामाला. हिवाळ्यात वलीला ताप भरला तेव्हा कॅम्पमधल्या कोणी विचारलं नाही, पण मोझा बकरीचं दूध आणि कसलासा कडू पाला घेऊन तंबूच्या तोंडाशी येऊन बसायची. "पी," म्हणायची. "माझ्या लेकाला तिथे कोणीतरी पाजत असेल." तेवढंच. वलीच्या मोडक्यातोडक्या अरबीला तेवढं पुरायचं.

मामू येणार हे कळल्यावर वलीने तिला रीतसर विचारलं होतं. मासे घेऊ का?

ती म्हणाली, "गळाने घे. पाहुण्याच्या ताटापुरते. मोठे घे, पोटुशी असेल ती सोड. पाणी हेच राखतात, बाबा. वस्तीत घरोघरी टाक्या आहेत, प्रत्येक टाकीत यातलेच एक-दोन आहेत. डासाची अळी खातात, शेवाळ खातात. मासा गेला की पाणी नासतं."

"वल्लाह, गळानेच," वली म्हणाला होता. छातीवर हात ठेवून.

शुक्रवारी सकाळी तो गळ घेऊन वर गेला. कणकेची गोळी लावली, पाण्यात सोडली. मळे दगडाला चिकटून राहिले. खजूर लावून पाहिला. एक मळ्या आला, गळाभोवती फिरला, परत आपल्या दगडाकडे गेला, जशी एखादी सून दारातल्या फेरीवाल्याकडे बघून आत वळते. उन्हं कड्यावरून खाली सरकली. वलीच्या टोपलीत काही नव्हतं. मामू आता दैदला पोचला असेल. खडखडत्या गाडीत कंबर धरून बसलेला असेल, आणि मुश्ताक त्याला सांगत असेल, तुझा भाचा दगडांचं कालवण करणार आहे म्हणून.

तेव्हा त्याला उन्हाळी दिसली.

कोंडीच्या काठच्या वाळूत, रुपेरी पानांची, जांभळ्या बारीक फुलांची. वस्तीच्या बकऱ्या सगळं खात, हिला तोंड लावत नसत. गावाकडची अगदी हीच नसेल, पण तिची बहीण नक्की. पान चुरडून त्याने वास घेतला आणि एका क्षणात चैत्र डोळ्यांपुढे आला. नदी आटून कोंडी कोंडी झालेली, सगळं गाव काठावर, मामू कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मासे गुंगवायला कुटलेल्या उन्हाळीची गोण ओढतोय, आणि वलीची आई हव्वाबी पदर खोचून टोपली धरून गातेय:

*कोंडीच्या पाण्यामंदी मासोळीचं गं माहेर*
*मागून नेते एक, तिला ठेविते आहेर.*

गाणं मागून नेण्याचं, आणि टोपल्या भरून वाहणाऱ्या. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वलीलाही आता वाटलं नाही. थोडीशीच, तो मनाशी म्हणाला. मासा फक्त गुंगतो. लागतील तेवढे उचलू, बाकीचे शुद्धीवर येतील. तिला कळणारही नाही.

पाला ठेचला. पिठाच्या रिकाम्या गोणीत भरला. पायजमा वर खोचून पाण्यात उतरला आणि गोण इकडून तिकडे ओढली. पाणी दुधाळ हिरवं झालं.

पहिला मळ्या दगडावरून सुटला, कुशीवर वळला. मग दुसरा. वली हसला. गुणगुणायलाही लागला. मोठे बघून उचलले, टोपलीत टाकले. मामूच्या ताटापुरते, मुश्ताकच्याही. "बस," तो मोठ्याने म्हणाला, जसं कोणी वाढत असावं तसं. "बस, खलास."

पण ते वर येतच राहिले.

पोट फुगलेल्या माद्या वर आल्या. करंगळीएवढे आले. मग दगडाखालून, शेवाळातून, बारीक पिल्लं आली, तांदळाच्या कण्यांसारखी; पाण्यावर पसरली आणि हललीच नाहीत. वलीने गोण काठावर फेकली. आता वाहील पाणी, आता स्वच्छ होईल, म्हणून तो कोंडीच्या ओठाकडे बघू लागला. तिथून बोटभर धार जात होती. वरून झरा ठिबकत होता. टप. मग बऱ्याच वेळाने, टप.

सावित्री वाहते. गुंगलेला मासा खाली जातो, खाडीच्या पाण्यात शुद्धीवर येतो, आणि पावसाळ्यात नदी दोन्ही काठ घेऊन येते तेव्हा खालून माशांची नवी वलगण अंडी घालायला चढते. म्हणून आपल्या कोंडी भरतात. हे त्याला ठाऊक होतं, जन्मापासून ठाऊक होतं. इथे खाली काय होतं? वाळू. या कोंडीला खाली कोणी नव्हतं, वर कोणी नव्हतं. जे होतं ते त्याच्या पायांभोवती तरंगत होतं.

त्याने ओंजळीने पिल्लं उचलली, झऱ्याच्या ठिबकत्या थेंबाखाली धरली. थेंब पडायचा, पिल्लं ओंजळीत सरकायची, आणि तशीच राहायची.

पायवाटेवर खडा घरंगळला. मोझा हंडा घेऊन येत होती.

वलीने काय केलं? गोण उचलली आणि खडकामागे टाकली. टोपलीवर आपला रुमाल टाकला.

मोझा काठाशी आली आणि थांबली. हंडा खाली ठेवला. वाकून पाण्याकडे पाहिलं.

"हे काय झालं?"

"ऊन," वली म्हणाला. "ऊन फार आहे ना. उन्हाने."

तिने आभाळाकडे पाहिलं. या बाईने या कड्याखाली साठ तरी उन्हाळे काढले असतील. पण माणूस आपल्या माणसाचं खोटं लगेच धरत नाही. ती घाबरली होती, ती पाण्याला. "रोग आलाय," ती म्हणाली. "पाण्याला रोग आलाय. तू प्यायलास का यातलं?"

"नाही."

"खरं सांग, बाबा. प्यायला असशील तर चल घरी, दूध देते. हात धू. माझ्या टाकीतल्या पाण्याने धू." तिने त्याचा ओला हात धरला आणि त्याला पाण्यापासून ओढू लागली, आगीपासून लेकराला ओढावं तशी.

तो हात त्याला सोसेना.

"रोग नाही," वली म्हणाला. खडकामागे गेला आणि गोण आणून तिच्या पायांशी ठेवली. रुमालही काढला. अरबी शब्द सुचेनात, म्हणून त्याने पाला दाखवला, धोंडा दाखवला, स्वतःकडे बोट केलं.

मोझाने त्याचा हात सोडला होता. खाली वाकून तिने गोणीतला पाला बोटांनी चाचपला.

"तू मागितले होतेस ना?"

"हो."

"मी दिले होते ना?"

खालून गाडीचा भोंगा वाजला, मग पायवाटेवर मुश्ताकचा आवाज. "वलीशेठ! पाहुणे आले! कुठाय तुमचं तिखलं? मामू म्हणतात, रस्त्यात कंबर गेली, पण भूक राहिली!"

अलीमियाँ मामू काठीचा आधार घेत वर आला. धाप लागलेली, तोंडावर हसू. भाच्याला मिठी मारायला हात पसरले आणि तसेच राहिले. त्याने पाणी बघितलं. नाक वर करून वास घेतला.

"उन्हाळी," मामू म्हणाला.

वली मान खाली घालून उभा.

"अरे, पण इथं वलगण कुठून चढणार?" मामू हळूच म्हणाला. मग त्याने मोझाकडे पाहिलं, आणि पागोटं सारखं करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. "मीच दाखवलं होतं तुला. हातात गोण दिली होती मी."

मुश्ताकने मामूला धरून दगडावर बसवलं.

मोझाने पाटाच्या तोंडावर दगड लावला, चिखलाने लिंपला. वस्तीकडे जाणारं पाणी बंद झालं. मग उठली. "कोंड उपसायची," ती म्हणाली. "सगळी. पाला, चिखल, सगळं. मग झऱ्याने भरू दे. भरेपर्यंत घराघराला झऱ्याचं पाणी तू आणून द्यायचं."

"देईन."

"आणि भरली की मासे लागतील. ते टाक्यांत आहेत. मी मागणार नाही. तू माग. काय केलंस ते सांगून माग."

त्या दुपारी मामू सार्डिनचा डबा जेवला. मसाल्याला कोणी हात लावला नाही. टोपलीतल्या मळ्यांना वलीने वाळूत पुरलं. मामू म्हणाला होता, "मेलेत ते मेलेत, अन्न टाकू नये." पण त्यानेही आग्रह केला नाही.

वली रोज साहेबांचं जेवण उरकून वर जायचा. बादल्यांनी कोंड उपसली, तळाचा गाळ हातांनी काढला, दगड एकेक करून झऱ्याखाली धुतले. हंडे डोक्यावरून खाली नेले. बाया दार किलकिलं करून हंडा आत घेत आणि दार लावत. झरा आपल्या चालीने ठिबकत होता. त्याला घाई करायला सांगणारं कोणी नव्हतं.

कोंड भरली, दगडांवर शेवाळाची हिरवी साय धरली, तेव्हा वलीने कॅम्पमधला मोठा टोप घेतला. तिखल्यासाठी काढून ठेवला होता तोच. वाळूने घासला, राखेने घासला, पुन्हा वाळूने. झऱ्याचं पाणी भरलं आणि वस्तीत गेला.

पहिल्या दारात त्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "कोंडीतले मासे मी मारले. पाला घालून मारले. एक मासा द्या." म्हाताऱ्या शेखने विचारलं, "कोणाला मारलंस?" वलीला पुन्हा सांगावं लागलं. पुढच्या दारात बाईने ऐकलं, आत गेली, आलीच नाही. त्याच्या पुढच्या दारातला माणूस हसला. "हिंदी, तुझ्या मुलखात समुद्र नाही काय?" म्हणत त्याने टाकीतून एक मळ्या ओंजळीत आणून दिला. एका घरी नुसतंच हाताने पुढे जायला खुणावलं. फकिराला देतात तसे मासे मिळाले, आणि फकिरासमोरही होत नाहीत तशी तोंडं बंद झाली. दर दारात वाक्य तेच, पण ते सरावाचं झालं नाही.

मोझाचं घर शेवटचं. ती उंबऱ्यात बसून खजुराची पात विणत होती. वली उभा राहिला. हिला काय सांगायचं, हिला तर ठाऊकच आहे, असं वाटून त्याने टोप नुसता पुढे केला.

मोझाने पात विणणं थांबवलं नाही.

"काय हवं?"

वली म्हणाला, "कोंडीतले मासे मी मारले."

"कसे?"

"पाला घालून. गळाने घेईन म्हणालो होतो. तुम्हाला शब्द दिला होता." वाक्यात नसलेले शब्द होते ते, त्यांचं अरबी त्याने कोणाकडून पाठ करून घेतलं नव्हतं. "मग उन्हाने मेले म्हणालो. तुम्ही माझा हात धरला होता."

तिने पात बाजूला ठेवली. आत गेली. टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज झाला, आणि ती एका वाडग्यात एक मळ्या घेऊन आली, पोटुशी मादी. टोपात सोडली. वलीला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. पूर्वीसारखं 'बाबा' म्हणेल.

"सावलीने ने," ती म्हणाली. "पाणी तापू देऊ नकोस." आणि पात उचलून पुन्हा विणायला लागली.

वलीने रुमाल काढून टोपावर धरला. चढणीवर ऊन होतं. आत मळे टोपाच्या भिंतीला तोंड चिकटवून बसले होते, जसं काही तिथेही खरवडायला शेवाळ असावं. कोंडीशी त्याने टोप हळूच वाकडा केला. पाणी पाण्यात गेलं, मासे गेले. मोझाची मादी तेवढी टोपाला धरून राहिली. ओढायला त्याला भीती वाटली. टोप तसाच पाण्यात बुडवून, हात अवघडेपर्यंत, तो तिने टोप सोडायची वाट बघत बसला.