काचेवरच्या गोगलगायी

योगिताने कोपरापर्यंत हात माशांच्या टाकीत घातला आणि संध्याकाळी सोडून ठेवलेली काकडीची चकती अलगद वर काढली. चकतीच्या दोन्ही अंगांना गोगलगायी चिकटल्या होत्या. तुरीच्या दाण्याएवढ्या, तपकिरी, एकीवर एक. तिने चकती मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकून झाकण दाबलं आणि वळून पाहिलं, तर काचेवर तेवढ्याच आणखी चढत होत्या.

"आजपण?" टाकीशेजारच्या खुर्चीतून कौतिकरावांनी विचारलं.

"आजपण, बाबा. रोजचंच झालंय."

सासऱ्यांनी मान हलवली आणि पेपर पुन्हा चेहऱ्यासमोर धरला.

ही टाकी योगिताने स्वतः उभी केली होती. तळाची माती, वाकडं लाकूड, त्यावर दोऱ्याने बांधलेलं शेवाळ, मागे लांब पात्यांची झाडं. तिचा नवरा निरंजन केळीच्या गाड्या भरून देण्याच्या कामात सकाळीच निघून जायचा. घरात तिची म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती. सासूबाई गेल्या, कौतिकराव कागद कारखान्याजवळचं घर सोडून बुऱ्हाणपूरला आले, तेव्हा त्यांची खुर्ची टाकीशेजारी मांडण्याची कल्पनाही तिचीच. म्हाताऱ्या माणसाला बघायला काहीतरी हलतं असावं.

गोगलगायी नव्या झाडांबरोबर आल्या असणार, असं तिला वाटलं. म्हणून तिने झाडं उपटून तुरटीच्या पाण्यात बुडवली, धुतली, पुन्हा लावली. काचेवरचे अंड्यांचे चिकट ठिपके नखाने खरवडले. चार दिवस बरे गेले. मग पाणी दुधट झालं, शेवाळाला वास यायला लागला आणि गोगलगायी दुपटीने परतल्या. सोमवारी तिचा आवडता लाल मासा पोट वर करून तरंगताना सापडला. त्याला जाळीत घेताना तिचे ओठ घट्ट मिटले होते.

शाळेत शिकवून येताना ती शनवारा भागातल्या ललितच्या शोभेच्या माशांच्या दुकानात थांबली आणि गोगलगायींचं सांगितलं.

"भाभी, दवा देऊ शकतो, पण त्याने तुमचे झिंगे पण मरतील," ललित म्हणाला. "आणि मारून फायदा काय? घोंघे खाण्यावर वाढतात. टाकीत कोणीतरी जास्त खाना टाकतंय."

"मी चिमूटभर टाकते. तेही एक दिवसाआड."

"मग घरात दुसरं कोणी?"

घरात दुसरं कोण होतं? दुपारी सासऱ्यांचं ताट खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवून ती शाळेत जायची. परतेपर्यंत घरात ते एकटेच. जिना चढता चढता तिचा राग पक्का झाला.

"बाबा, एक विचारू? तुम्ही माशांना काही टाकता का?"

कौतिकरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "नाही बा. मी कशाला टाकू?"

"टाकत असाल तर टाकू नका. पाणी खराब होतं. मासे मरतात."

"नाही टाकणार," ते म्हणाले.

आधी 'टाकत नाही', आता 'टाकणार नाही'. योगिताला हा फरक कळला, पण सासऱ्यांशी वाद घालायची त्या घरात पद्धत नव्हती. तिने माशांच्या खाद्याची डबी कपाटात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. निरंजनला सांगितलं, तर तो हसला.

"घोंघ्यांसाठी बाबांशी भांडतेस का आता?"

त्या हसण्याने तिच्या अंगाचा भडका उडाला.

डबी हलवूनही काही फरक पडला नाही. आठवडा संपता संपता पाणी पुन्हा गढूळ झालं. रविवारी निरंजन गाडी भरायला देडतलाईला गेला, आणि तिने ठरवलं, आज सगळं उपसायचं. मासे बादलीत काढले. नळीने पाणी ओढलं. गल्लीतले कापडाचे लूम खटखटत होते आणि त्या आवाजाच्या तालावर ती झाडं उपटत सुटली. कौतिकराव आतल्या खोलीत आडवे झाले होते.

लाकूड उचललं आणि तिचा हात थांबला.

लाकडामागे, खुर्चीच्या बाजूच्या कोपऱ्यात, लगदा साचला होता. त्यावर गोगलगायींचा खच पडला होता. तिने बोटांनी तो उकरला. भिजून फुगलेली भाकरी. भाताची शितं. उडदाच्या डाळीची काळी सालं. मेथीची पानं अजून हिरवी होती; मेथी तिने कालच केली होती.

"बाबा!" ती ओरडली. लगदा मुठीत धरूनच ती दारापर्यंत गेली, आणि तिथेच तिची पावलं अडली.

हा माशांना टाकलेला घास नव्हता. हे पूर्ण जेवण होतं. भाजीसकट, डाळीसकट. रोज ती परत यायची, तेव्हा ताट घासून पालथं घातलेलं असायचं, आणि बाबा ताटात काही ठेवत नाहीत हे ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

कौतिकराव पलंगावर उठून बसले होते. सदरा खांद्यांवरून ओघळला होता. त्यांनी तिच्या मुठीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"मासे खातात ना," ते हळूच म्हणाले. "फेकायचं जिवावर येतं. तू एवढं करून जातेस."

"जेवण जात नाही?"

"चहा जातो. दूध जातं." त्यांनी गळ्याशी बोट नेलं. "घास इथं येऊन बसतो."

"केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून असंल. तुमच्यामागे काय कमी कामं आहेत? आपोआप बरं होईल, म्हटलं."

योगिताने मोरीत जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले. मग गॅस पेटवला, तांदळाची पातळ पेज केली, जरा निवू दिली, आणि वाटी घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. या घरात आल्यापासून सासरे जेवत असताना ती समोर कधी बसली नव्हती.

कौतिकरावांनी अर्धा चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले. गळ्याचा मणी वर गेला आणि तिथेच राहिला. खाली यायला त्याला फार वेळ लागला. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं, ते त्यांनी मनगटाने टिपलं.

"गेलं की," ते म्हणाले.

योगिताने मान डोलावली, आणि दवाखान्यात न्यायचं म्हणून त्यांचा बाहेर जायचा सदरा काढायला उठली.