बाकावरच्या मुलीचं पदक

मी एक कांस्यपदक बोलतोय. सोन्याचं ऐकायला गर्दी जमते, चांदीसाठी लोक निदान हळहळतात. माझ्या वाट्याला तुम्ही आलात, तेवढं पुरे.

टेबल टेनिसच्या आशियाई ज्युनिअर स्पर्धेत आपल्या मुलींचा संघ उपांत्य फेरीत हरला, आणि तिथे हरणाऱ्या दोन्ही संघांना मिळतो तसा मी मिळालो. संघात मुली चार, सामन्यात खेळतात तिघी. मी चौथीच्या गळ्यात पडलो. ती रंजीता, आरमोरीजवळच्या एका गावातल्या नथ्थू मच्छीमाराची लेक.

रंजीता डावखुरी. समोरच्या संघात डावखुरी मुलगी असली, की रोज सकाळी ही तिच्यासारखे फिरकीचे चेंडू मैत्रिणींना टाकायची, घाम निथळेपर्यंत. सामना सुरू झाला की बॅट हातात धरून बाकावर बसायची. अख्ख्या स्पर्धेत तिला एकदाही खेळायला मिळालं नाही.

फोटोवाले म्हणाले, पदक दाताखाली धरा. माणसांना ही काय खोड आहे, देव जाणे! तिघींनी हसत धरलं. रंजीताने मला मुठीत झाकून घेतलं. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर नथ्थूने पहिला प्रश्न विचारला, "पदक कुठी आहे, रंजी?"

"तिथंच जमा करा लागते, बाबा," ती म्हणाली.

आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो, गोधडीखाली. अकरा वर्षं! पुढे ती गावच्याच शाळेत खेळ शिकवू लागली. दर हिवाळ्यात गोधडी काढायला पेटी उघडायची, मला पाहायची आणि झाकण लावायची. तिला माझी लाज वाटे. खरं सांगतो, मला तिचा रागही येई.

यंदा तालुक्याच्या क्रीडासंकुलातला खुशाल दारात आला. म्हणाला, "बाई, आशियाई स्पर्धेतल्या जुन्या पदकवाल्यायचा फलक लावून राह्यलो. तुमचं नाव टाकतो."

"माझं नोका टाकू, भाऊ. मी खेळलीच नाई."

खुशाल सोमवारपर्यंत विचार करा म्हणून निघून गेला. आतल्या खाटेवर नथ्थू पडून होता. लकव्याने त्याचं अर्धं अंग गेलं होतं. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

दोन दिवसांनी गावाच्या तलावात जाळं पडलं. दुपारी दसरू नावाचा म्हातारा मच्छीमार पिशवीत दोन रोहू घेऊन आला. "हा नथ्थूभाऊचा वाटा."

रंजीता म्हणाली, "काका, बाबा तर पाण्यात उतरलेच नाई."

"उतरला नाई तं काय झालं? जाळं कोणं विणलं? बांधावर दोर धरून बसते त्यालेही वाटा भेटते, बाई. आमचा कायदाच आहे तो."

दसरू गेला. रंजीता पिशवी धरून तशीच उभी राहिली. मग मासोळी खाली ठेवली, हात धुतले आणि पेटी उघडली. तिने मला नथ्थूच्या चालत्या हातात ठेवलं.

"मी खोटं बोलली, बाबा. पदक माझ्यापाशीच होतं. पण मी एक चेंडूही खेळली नाई. सकाळी त्या पोरीयले चेंडू टाकत होती, बस."

नथ्थूने मला तळहातावर हलवून पाहिलं, मासोळीचं वजन पाहतात तसं. जड जिभेने म्हणाला, "मंग जाळं तं तूच विणलं ना." मग मला मुठीत धरून विचारलं, "एवढे दिवस मले काऊन नाई दाखवलं?"

रंजीता खाटेच्या पायाशी बसून खूप रडली. सोमवारी तिने खुशालला नाव दिलं. फलकावर ती चौथी आहे. नथ्थूला तो फलक दाखवायला न्यायचं ठरलं होतं, गाडीही सांगून ठेवली होती. त्याआधीच तो गेला.

आता मी त्याच्या रिकाम्या खाटेच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला आहे, त्याच्या जाळ्याशेजारी. माझ्या फितीला मासोळीचा वास लागला आहे. मला तो आवडतो. फक्त एक गोष्ट सलते. अकरा वर्षं मी त्याच्या खाटेपासून दहा हातांवर होतो, आणि त्याच्या मुठीत राहिलो ते नऊ दिवस.

तुमच्या पेटीत माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर आजच बाहेर काढा. फलकाचं काय ते नंतर पाहा. आधी घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात द्या.