मागची खोली

“अजून पॉइंट दोन जातायत,” दशांशबाई म्हणाल्या, आणि प्रयोगशाळेत कुणीही मान वर केली नाही. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. अख्खं आयुष्य दशांशचिन्हाच्या उजवीकडे काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? मोठ्या आकड्यांची माणसं बढती घेऊन वरच्या मजल्यावर जातात. बाई खालीच राहिल्या.

टेबलावर तळहाताएवढा बोर्ड होता. बोटींसाठी आणि किनाऱ्यावरच्या चौक्यांसाठी नवा रेडिओ संच बनत होता. अँटेना एकच; बँड, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, सहा. प्रत्येक बँडला आपला स्विच. एक उघडा, बाकीचे पाच बंद. भानगड अशी की बंद स्विच पुरता बंद नसतोच. दार लावलं तरी फटीतून वारा जातो, तसा प्रत्येक बंद स्विचमधून सिग्नल थोडाथोडा गळतो. इतक्या लांबून धापा टाकत आलेली हाक ऐन उंबरठ्यावर लुटली जाते. ही लूट कमी करणं हे बाईंचं काम. त्यांनी तांब्याच्या वाटा आखूड केल्या, स्विच बदलले, नखाएवढ्या कॉइल बसवून पाहिल्या. पण संकटकाळच्या बँडवर, म्हणजे ज्यावरून बुडणारी बोट हाक मारते त्या बँडवर, पॉइंट दोन डेसिबल अजून जातच होते.

एक उपाय त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता आणि तो त्यांनी तोंडातून काढला नव्हता. कमी वापराचे तीन बँड पुढून हलवायचे आणि एकाच सामाईक दाराआड ठेवायचे, मागच्या खोलीत ठेवावेत तसे. मग पुढे सहाऐवजी चारच दारं, तेवढ्याच फटी. मागच्यांना मात्र दोन दारं ओलांडून यावं लागणार आणि त्यांचा आवाज आणखी बारीक होणार. तिघांपैकी दोन बँड तर कुणी वापरतच नव्हतं. तिसरा एकच माणूस वापरत होता.

साहेबांनी टेबलाशी येऊन नेमका तोच उपाय सुचवला. बाईंहून वयाने लहान, पण माणूस भला. त्या तिसऱ्या बँडवर हल्ली असतं तरी कोण, असं त्यांनी सहज विचारलं.

“माझा दादा,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसरं काही सुचत असेल तर शुक्रवारपर्यंत बघा, एवढंच म्हणाले. बाईंनी आकाशपाताळ एक केलं. दादाचा बँड पुढे ठेवला की संकटकाळच्या बँडची गळती ठरलेल्या मर्यादेबाहेर जाई, पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच. बोर्डाला नातीगोती कळत नाहीत.

दादा भूशिरापलीकडच्या बेटावर दीपगृह सांभाळत होता. दिवा आपोआप लागायला लागून जमाना झाला होता. तो लागतो की नाही हे बघायला दादा होता. मध्ये डोंगर आडवा, त्यामुळे तिथे फोन लागत नसे आणि वरचे बँडही पोचत नसत. फक्त हा जुना, खालचा बँड डोंगराला वळसा घालून कसाबसा येई, तोही अगदी काठावरून. बाईंच्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी एक संच होता, प्रयोगशाळेने चाचणीसाठी दिलेला. त्यावर दादा रोज संध्याकाळी बोलायचा. विषय ठरलेले: वारा, गुडघा आणि डब्यातलं जेवण. आयुष्य रेडिओवर गेल्यामुळे त्याचं कुठलंच बोलणं ‘ओव्हर’शिवाय, म्हणजे ‘माझं झालं, आता तू बोल’ म्हटल्याशिवाय, संपत नसे. आई गेली तेव्हा घरी आला होता, तर स्वयंपाकघरात बसून म्हणाला, “ठमे, चहा दे. ओव्हर.” रडता रडता दोघं इतकी हसली की काय झालं म्हणून शेजारीण डोकावून गेली.

आईनंतर बाईंना ‘ठमे’ म्हणणारा तो एकच आवाज जगात उरला. लोक म्हणत, बाईंना एकटेपणाची सवय झालीय. सवय कसली डोंबलाची! संध्याकाळपर्यंत दम धरायची सवय झाली होती, एवढंच.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी त्याला सगळं सांगितलं. सगळीकडे नवे संच बसणार, जुने परत घेणार; तुझाही आणि माझाही. आधीच काठावर असलेलं आपलं बोलणं त्यात बुडणार.

“मग टाक की मला मागच्या खोलीत,” तो म्हणाला. “लहानपणी पाहुणे आले की माझं अंथरूण कुठे पडायचं? तिथेच ना? ओव्हर.”

“थट्टा नको, दादा. मी उद्या सांगते साहेबांना, जमत नाही म्हणून. ओव्हर.”

तेव्हा त्याने कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी वादळात एक बोट हाक मारत होती आणि दादा संचाला कान लावून बसला होता.

“‘आम्ही उत्तरेच्या’ एवढं म्हणाला तो, आणि पुढचं खरखरीत गेलं. उत्तरेच्या कुठे? खडकाजवळ की खाडीत? आम्ही खाडीत शोधत बसलो आणि बोट खडकावर फुटली. मी अजून झोपेत ते वाक्य पुरं करतो, ठमे. तुझे पॉइंट दोन तेव्हा असते, तर पुढचा शब्द आला असता. ओव्हर.”

बाईंनी बोलायचं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं.

“मग मी कुणाशी बोलू रे?” शेवटी त्या म्हणाल्या. ओव्हर म्हणायचं राहूनच गेलं.

“माझ्याशीच बोल. मी कुठे जातोय? ओव्हर.”

शुक्रवारी बाईंनी तीन बँड मागे टाकले. संकटकाळचा बँड मर्यादेत आला, वर थोडी शिल्लकही पडली. काही महिन्यांनी नवे संच तयार झाले. भांडारातले काका एक संच घेऊन बाईंच्या खोलीवर आले, जुना काखोटीला मारून घेऊन गेले. किती हलका बनवलाय म्हणून कौतुकही करून गेले. दादाचा संच त्याच आठवड्यात रसद नेणाऱ्या बोटीने बदलला.

मग समुद्रावरची चाचणी झाली. एरवी चाचणीला एक ते दहा आकडे म्हणतात. बाईंनी खलाशाला एक वाक्य लिहून दिलं. हेच का, असं साहेबांनी विचारलं नाही. बोट पार दिसेनाशी झाल्यावर स्पीकरमधून आवाज आला: “आम्ही उत्तरेच्या खडकाजवळ आहोत.” शब्द न् शब्द स्वच्छ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन हे सांगावं तर आता दादाचा आवाज येणार नाही, हे बाईंना पायऱ्या उतरताना आठवलं.

संध्याकाळी त्यांनी खिडकीशी बसून नवा संच लावला.

“दादा, जेवलास का? ओव्हर.”

नुसती खरखर. मग ती जराशी दबली. पलीकडे कुणी बटण दाबून धरलं की शब्द पोचले नाहीत तरी खरखर दबते, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. बराच वेळ दबलेली राहिली. एवढं लांबलंय म्हणजे गुडघ्याचं असणार.

“शेकून घे,” खरखर वर आल्यावर बाई म्हणाल्या. “आणि ऐक. आज बोट बोलली. ‘आम्ही उत्तरेच्या खडकाजवळ आहोत.’ पूर्ण वाक्य आलं, दादा. खडकाजवळ. ओव्हर.”

ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. काही वेळाने खरखर पुन्हा दबली, आणि या वेळी दबलेलीच राहिली. बाहेर अंधारून आलं. बाई मध्ये बोलल्या नाहीत. दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे त्या दादाकडूनच शिकल्या होत्या. खरखर पूर्ण वर आल्यावर त्यांनी त्याच्या वतीने हळूच ‘ओव्हर’ म्हटलं.